रानबोरीवर गोड डोळा

(उपदेशक व शब्बाथ शाळेचे शिक्षक ह्यांच्यासाठी पाठ. शास्त्रभाग: रोमकरांस पत्र 11:16–24, योहान 15:1–8.)



रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौलाने कलमाचा जो दाखला दिला आहे, तो खेड्यांतील मंडळ्यांपुढे मांडताना उपदेशकास एक अडचण येते. जैतुनाचे झाड ऐकणाऱ्यांपैकी कोणीच पाहिलेले नसते. सह्याद्रीच्या रानांत पारजांभूळ नावाचे एक झाड आढळते, व वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास जैतुनाचे सख्खे भावंड मानतात. परंतु तेवढ्यासाठी सगळ्या मंडळीला रानात नेणे काही सोयीचे नाही. मग बहुतेक उपदेशक, एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडास लावतात, इतके सांगून पुढील वचनाकडे वळतात. मीही पुष्कळ वर्षे असेच केले. पण ज्याने स्वतःच्या हाताने कधी कलम बांधले नाही, त्यास हा दाखला अर्धाच कळतो. आणि अर्धा कळलेला दाखला कधी कधी उलटाच अर्थ सांगून जातो. सबब ह्या पाठात आधी बांधावर जावे आणि मग शास्त्राकडे यावे, असे योजिले आहे.

आपल्या जिल्ह्याची पश्चिम बाजू पावसाची. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा इकडे आंबा, फणस, जांभूळ, काजू ही झाडे आपोआप वाढतात. पूर्वेस शिरोळ व हातकणंगले ह्या बाजूला, जेथे नदीचे पाणी पोचत नाही अशा माळावर, आणि तेथून पुढे सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ ह्या दुष्काळी भागांत, जे एक फळझाड कोणाची वाट न पाहता उभे राहते ते रानबोर होय. ते कोणी लावलेले नसते. पाखरांनी, शेळ्यांनी, कोल्ह्यांनी बिया टाकल्या व झाड उगवले. त्याचे सोटमूळ मुरुमाच्या भेगांतून खोल जाते, म्हणूनच उन्हाळ्यात विहिरी आटल्या तरी बोर मरत नाही. तिला खत नको, पाणी नको, राखणही नको. उणे एवढेच की फळ गोटीएवढे, त्यातही आठोळी मोठी व गर पातळ. पोरे दगड मारून पाडतात, दोन खातात आणि दात आंबले म्हणून टाकून देतात. त्याच सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या मागेपुढे, कोल्हापूरच्या मंडईत उमराण, कडाका, मेहरूण अशा जातींची मोठी गोड बोरे विकावयास येतात. खेड्यातील मनुष्य ती विकत घेतो आणि घरी येऊन बांधावरची बोर जळणासाठी तोडतो. त्यास वाटते की ती झाडे निराळी आणि ही निराळी. वास्तविक त्या गोड बोरांच्या झाडांचे मूळ बहुधा आपल्या बांधावरच्या बोरीसारखेच रानटी असते.

रानबोरीवर गोड जातीचा डोळा कसा भरावा, ते आता सांगतो.

चैत्र-वैशाखात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, बोरीची पाने गळून ती विसावलेली असते. त्या वेळी झाड जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर करवतीने कापावे. कुऱ्हाडीने तोडू नये, कारण बुंधा चिरतो व त्यात पाणी साचून कुजतो. काप थोडा तिरपा ठेवावा आणि त्यावर मोरचूद व चुना ह्यांचा लेप द्यावा. तो नसेल तर शेण व चिकणमाती कालवून लावावी. हे काम करताना गावकरी हसतात, आणि घरची माणसे रागावतात. चालते झाड कापून टाकले असे त्यांस वाटते. एका महिन्यात त्या खुंटास चोहोबाजूंनी धुमारे फुटतात. त्यांतील तीन-चार जोमदार, निरनिराळ्या दिशांचे ठेवावे. बाकीचे काढून टाकावे. सगळे ठेवण्याचा लोभ धरला तर एकही पेन्सिलीएवढा जाड होत नाही.

आषाढ-श्रावणात धुमारे पेन्सिलीएवढे झाले, म्हणजे कामाची वेळ आली. साल त्या दिवसांत रसाळ असते व लाकडापासून सहज सुटते. ज्या झाडाची बोरे आपण स्वतः खाऊन पाहिली आहेत, त्याच झाडाची त्याच वर्षाची निरोगी काडी आणावी. डोळे फुगलेले असावे पण फुटलेले नसावे. काडीवरची पाने कापून टाकावी, मात्र देठाचा तुकडा राहू द्यावा; त्याचे कारण पुढे येईल. काटे काढून काडी ओल्या फडक्यात गुंडाळावी. धुमाऱ्यावर, खालच्या बाजूस, गुळगुळीत जागा पाहून इंचभर उभी चीर द्यावी व तिच्या माथ्यावर एक आडवी चीर द्यावी. चीर सालीपुरती असावी, लाकडात जाऊ नये. चाकूच्या बोथट बाजूने सालीच्या दोन्ही कडा हलकेच उचलाव्या. मग काडीवरचा एक डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसकट काढून, उलटा न होऊ देता, त्या चिरेत वरून खाली सरकवावा. डोळा तेवढा उघडा ठेवून बाकीचा भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावा. पूर्वी केळीच्या सोपटाने बांधीत, तेही चालते. सगळे काम काडी सुकण्याच्या आत, हात स्वच्छ ठेवून, चटकन करावयाचे असते. कापलेल्या जागेस बोट लावून पाहण्याची खोड पुष्कळांस असते. ती सोडावी.

त्यानंतर दोन-तीन आठवडे स्वस्थ बसावे. मग देठाच्या त्या तुकड्यास बोट लावून पाहावे. नुसत्या स्पर्शाने तो गळून पडला आणि डोळा हिरवा राहिला, तर कलम जीव धरून आहे. देठ वाळून तेथेच चिकटून राहिला, तर डोळा मेला असे समजून दुसऱ्या बाजूस पुन्हा भरावा. जगलेला डोळा वाढू लागला म्हणजे त्याच्या वरचा धुमारा कापून टाकावा, आणि बांधलेली पट्टी सोडावी. न सोडल्यास तीच पुढे गळफास होते. चांगल्या मुळावरचे असे कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखविते, कारण खाली मूळ जुने व खोल असते. नवीन रोप आणून लावले असते तर त्यास पाणी घालण्यातच एवढा काळ गेला असता. आणखी एक सूचना: ज्यांच्याकडे खात्रीचे गोड झाड नाही त्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना 1968) रोपवाटिकेत किंवा त्याच विद्यापीठाच्या कोल्हापूर येथील कृषी महाविद्यालयात चौकशी करावी. जत्रेत रस्त्यावर मिळणाऱ्या काड्यांच्या नादी लागू नये.

आता ह्यात घडते काय, ते नीट पाहावयास पाहिजे. झाडाची साल व लाकूड ह्यांच्यामध्ये एक ओलसर, अतिशय पातळ थर असतो. झाडाची जाडी वाढते ती ह्याच थरातून. डोळ्याचा थर व खुंटाचा थर एकमेकांस लागले, म्हणजे दोन्हींकडून नवे पेशीजाल वाढून जखम भरून येते व मुळाचा रस डोळ्यात चढू लागतो. म्हणून दोहोंनाही चाकू लागावा लागतो. न कापलेल्या खुंटास कापलेला डोळा कितीही घट्ट बांधला तरी तो वाळतो. हा सांधा जुळल्यावरही दोघांचा स्वभाव एक होत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सांध्याच्या वर जे वाढते ते उमराण; सांध्याच्या खाली जे आहे ते रानबोर. वीस वर्षांनी झाड कापून पाहिले तरी सांध्याची रेघ दिसते. मूळ आपला रस देते, पण फळाची जात ठरविते ती वरची फांदी.

कलम जवळच्या नात्यातच लागते. बोरीवर बोर, आंब्यावर आंबा. चिकू हा खिरणीवर बांधतात, कारण दोघे एका कुळातले आहेत. हिमालयाच्या उतारावर मेहल नावाची रानटी नासपती उगवते, तिच्यावर तिकडचे बागवान चांगल्या नासपतीचे कलम करतात. आमच्या बोरीचीच ती रीत. पण बोरीवर आंबा बांधल्याची गोष्ट कोणी सांगितली तर ऐकून घ्यावी व विसरून जावी.

आंब्याकडे वळावयाचे कारण असे की, कलमाची गरज का पडते हे आंब्याइतके दुसऱ्या कोणत्याही झाडाने आम्हांस शिकविलेले नाही. हापूस खाऊन त्याची कोय परसात पुरली, तर हापूस उगवेल असे मुलांस वाटते. आठ-दहा वर्षांनी जे फळ येते ते आईसारखे नसते. कधी बरे, बहुधा आंबट व धाग्याचे, म्हणजे रायवळ. कोयीतून आईची जात उतरत नाही. जुन्या काळी आपल्या देशात आमराया होत्या त्या बहुतेक अशाच कोयीपासून वाढलेल्या, व त्यांतल्या प्रत्येक झाडाची चव निराळी. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, त्यानंतर तेथे आलेल्या येशूसंघाच्या पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांस चालना दिली असे सांगतात. ते रोमन संप्रदायाचे असले तरी ह्या बाबतीत त्यांचे श्रेय त्यांस दिले पाहिजे. आज रत्नागिरी-देवगडचा जो शेतकरी हापूसवर प्रपंच चालवितो, तो त्या कलमांचा ऋणी आहे. पूर्वी भेटकलम करीत, म्हणजे कुंडीतले रायवळ रोप उचलून हापूसच्या फांदीशी बांधीत व दोन-तीन महिन्यांनी फांदी तोडून घेत. पुढे कोवळ्या रोपावर पाचर मारून बांधण्याचे कोय कलम पुढे आले, व दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) त्याचा पुष्कळ प्रसार केला. रीत कोणतीही असो, नियम एकच आहे: हापूसचे झाड हवे असेल तर प्रत्येक झाडावर नव्याने कलम करावेच लागते. हापूसच्या बागेत वाढलेल्या कोयीलाही त्यातून सूट नाही.

येथे माझी स्वतःची एक फजिती सांगणे प्राप्त आहे.

ज्या गावी मी उपदेशक होतो तेथे प्रार्थनामंदिराच्या पायाभरणीच्या दिवशी मंडळीने अंगणात हापूसचे एक कलम लावले. ते कोकणातून आंबा घाटाने एस.टी.तून मांडीवर ठेवून आणले होते. प्रार्थना झाली, गीत झाले, मुलांनी पाणी घातले. दुसऱ्या उन्हाळ्यात माझीच शेळी दावे तोडून अंगणात शिरली व तिने कलम वरून कुरतडून बोडके केले. आम्हांस फार वाईट वाटले. पण पहिल्या पावसात त्यास खालून दोन तजेलदार फुटवे आले. आमच्या आनंदाला सीमा राहिली नाही. मी त्या रविवारी मेलेल्या खुंटातून उगवणाऱ्या अंकुरावर उपदेश केला, आणि पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आले. मग वर्षे जाऊ लागली. हापूसचे कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरू लागते. आमचे झाड उंच झाले, दाट झाले, उन्हाळ्यात त्याच्या सावलीत सभा भरू लागल्या, पण मोहोर नाही. नवव्या वर्षी मोहोर आला. पहिली पाटी उतरविली तेव्हा मंडळीतील एका वृद्ध बागवानास मी मोठ्या मानाने पहिला आंबा दिला. त्याने तो नाकाशी धरला, खाल्लाच नाही. बुंध्याशी जाऊन खाली वाकला आणि म्हणाला, “मास्तर, ह्ये हापूस न्हवं. कलम शेळीनं खाल्लं त्याच दिशी ग्येलं. ज्याला तुमी नऊ वरसं पानी घातलंसा, ते खालचं रायवळ हाय.”

मी म्हणालो, “बाबा, मग आपण इतक्या वर्षांत बोलला का नाही?”

“तुमी उपदेश करत हुतासा,” तो म्हणाला. “मधी कसं बोलू?”

त्या झाडास दोष देण्यासारखे काही नव्हते. ते जोमात होते, हिरवेगार होते, सावली देत होते. दोष एवढाच की फुटवा सांध्याच्या वरून आला की खालून, हे एकदाही कोणी वाकून पाहिले नव्हते. पुढे त्याच बाबांच्या सांगण्यावरून त्या झाडाच्या फांद्या छाटल्या, नव्या धुमाऱ्यांवर पावसाळ्यात पाच ठिकाणी हापूसच्या काड्या बांधल्या. दोन लागल्या.

आता शास्त्राकडे येऊ.

पौल रोम येथील मंडळीला लिहीत आहे. त्या मंडळीत यहूदी होते व परराष्ट्रीयही होते. आणि परराष्ट्रीयांतून आलेल्या काहींस असे वाटू लागले होते की देवाने यहूदी लोकांस टाकून आम्हांस जवळ केले, तेव्हा आम्हीच श्रेष्ठ. त्यांस पौल सांगतो की, चांगल्या जैतुनाच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि तुम्ही, जे रानटी जैतून होता, ते तिच्यात कलम करून लावले गेला, व तिच्या मुळाच्या रसाचे वाटेकरी झाला. म्हणून त्या फांद्यांपुढे बढाई मारू नका, कारण मूळ तुमच्या आधारावर नाही, तुम्ही मुळाच्या आधारावर आहा.

कलम बांधणाऱ्या शेतकऱ्यास हे वाचून प्रथम धक्का बसतो. हे तर उलटे झाले! आम्ही रानटी मुळावर चांगली फांदी लावतो. चांगल्या मुळावर रानटी फांदी कोण लावील? उमराणाच्या बुंध्यावर रानबोरीचा डोळा भरला तर वर गोटीएवढी आंबट बोरेच लागतील. कित्येक टीकाकारांनी म्हटले आहे की पौल शहरात वाढलेला, त्यास बागाईत कळत नव्हती. उलट पक्षी दुसऱ्या काहींनी कोलुमेला नावाच्या, पहिल्या शतकातील एका रोमी शेतकी ग्रंथकाराकडे बोट दाखविले आहे. त्याने असे लिहून ठेविले आहे की, जे जैतून फळ देत नाही त्याच्या बुंध्यास भोक पाडून रानटी जैतुनाची ओली काडी ठोकून बसवावी, म्हणजे झाड फळते. ही माहिती मनोरंजक आहे, पण माझ्या मते तिच्यावर भार टाकण्याचे प्रयोजन नाही. चोविसाव्या वचनात पौल स्वतःच कबूल करतो की हे कलम स्वभावाच्या विरुद्ध झालेले आहे. त्यास बागवानाची रीत ठाऊक होती. देवाने ती मोडली, हेच त्यास सांगावयाचे होते.

ह्याचा अर्थ किती मोठा आहे तो पाहा. बागेत फांदी आपली जात कधी सोडत नाही. मूळ कितीही उत्तम असो, रानटी काडी त्याचा रस पिऊन आंबट फळच देईल. पण ख्रिस्ताच्या ठायी जोडलेल्या रानटी फांदीस मुळाचे फळ येते. बागवानाच्या चाकूने जे कधी साधत नाही ते कृपेने साधते. म्हणून ज्या दिवशी आमच्यापैकी एखाद्या तापट मनुष्याच्या मुखातून क्षमेचा शब्द निघतो, सावकाराच्या जाचात वाढलेला मनुष्य स्वतः उसने देताना व्याज मागत नाही, दारूच्या गुत्त्यावरून उचलून आणावा लागणारा मनुष्य आपल्या लेकरांस घेऊन उपासनेस बसतो, त्या दिवशी उमराणाच्या मुळावरच्या रानबोरीला उमराण लागले, असे समजावे. मग त्या फांदीने बढाई कशाची मारावी? तिचे स्वतःचे जे होते ते आंबट होते.

आणि बढाई आमच्यात आहे, बंधूंनो. कोल्हापुरास वाइल्डर दांपत्य 1852 साली आले, तेव्हापासून ह्या जिल्ह्यात शुभवर्तमानाची पेरणी चालू आहे. काही घराणी चार-पाच पिढ्या ख्रिस्ती आहेत, काही लोकांचा बाप्तिस्मा मागल्या वर्षी झालेला आहे. वार्षिक सभेस गेले म्हणजे पहिला प्रश्न येतो, तुम्ही कधीपासूनचे? दुसरा प्रश्न सहसा मोठ्याने विचारीत नाहीत, पण सोयरीक जुळविताना तोच आधी विचारतात: मूळचे कोणत्या वाड्यातले, कोणत्या वस्तीतले? प्रभुभोजनाच्या मेजाशी एका प्याल्याचे वाटेकरी, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी आजोबांची वस्ती विचारणारे, असे आम्ही आहोत. मी एका मंडळीत पाहिले आहे की, नव्याने आलेली कुटुंबे दोन वर्षे दाराजवळच्या सतरंजीवर बसत; त्यांस कोणी मागे बसा म्हटले नव्हते, पण पुढे या असेही कोणी म्हटले नव्हते.

जुन्या घराण्यांनी हापूसच्या कोयीचा विचार करावा. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल ही हापूसच्या बागेतली कोय आहे. बाग चांगली, माती चांगली, राखण चांगली. तरी कलम झाल्यावाचून त्या कोयीतून हापूस निघत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे की, देवाची लेकरे रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून जन्मत नाहीत. आजोबांचा बाप्तिस्मा नातवाच्या कामी येत नाही. पाचव्या पिढीच्या मुलास व कालच्या मनुष्यास त्याच एका चाकूखालून, त्याच एका चिरेतून जावे लागते, म्हणजे पश्चात्ताप व विश्वास ह्यांतून. असे असता कोणी कोणास कधीपासूनचे म्हणून विचारावे?

नव्याने आलेल्या बंधूंसाठीही पौलाजवळ शब्द आहे, आणि तो तितकाच कडक आहे. पुष्कळांस बाप्तिस्मा झाल्यावर आपल्या मागे राहिलेल्या भावाविषयी, चुलत्याविषयी, शेजाऱ्याविषयी तुच्छतेने बोलण्याची सवय लागते. तो अंधारात आहे, आम्ही उजेडात आलो! पौल म्हणतो की ज्या देवाने रानटी फांदी लावली तो तोडलेली फांदीही पुन्हा लावावयास समर्थ आहे. पौलाचा शब्द इस्राएलाविषयी आहे, हे खरे. तथापि जो देव मुळापासून तोडलेल्यांस पुन्हा जोडू शकतो, तो अद्याप न जोडलेल्यांस जोडणार नाही असे कोणी ठरविले? तुमच्या भावाच्या घरी लग्न असेल, मयत असेल, आजार असेल, तर तेथे जाऊन बसा. त्याच्या देवाची निंदा करून आजवर कोणाच्या सालीस चीर गेलेली मी पाहिली नाही.

उपदेशक बंधूंस आणखी एक सांगावयाचे आहे, आणि ते शेळीच्या गोष्टीवरून. कलम जगले म्हणजे काम संपले असे नवशिक्या बागवानास वाटते, व बाप्तिस्मा झाला म्हणजे काम संपले असे आम्हांस वाटते. वार्षिक अहवालात आकडा लिहिला जातो आणि आम्ही पुढच्या गावास जातो. पण आमच्या बांधावरच्या कलमाचे मूळ रानटी असते, व ते जोवर जिवंत आहे तोवर सांध्याच्या खालून फुटवे काढीतच राहते. विशेष हे की खालचा फुटवा वरच्या फांदीपेक्षा जोमदार असतो, कारण तो मुळाच्या स्वतःच्या जातीचा. त्याकडे पाहून झाड बरे चालले आहे असेच वाटते. एखाद्या मंडळीत उपस्थिती भरपूर आहे, भजन जोरात आहे, मंदिरास नवे छप्पर झाले आहे. पण दोन वडिलांमध्ये बांधावरून चाललेला दावा मिटत नाही, किंवा मंडळीचा हिशेब तीन वर्षे कोणास दाखविलेला नाही, किंवा सुनेस मारहाण होते व शेजारच्या दारातील ख्रिस्ती बहीण कानांवर हात ठेविते. तो हिरवेपणा सांध्याच्या कोणत्या बाजूचा आहे, हे वाकून पाहिल्यावाचून कळत नाही. आणि वाकावयाचे तर उपदेश क्षणभर थांबवावा लागतो. आमच्या बाबांसारखी जाणती माणसे बहुधा प्रत्येक मंडळीत असतात. ती मध्येच बोलत नाहीत. त्यांस विचारावे लागते.

फुटवा काढण्याची रीतही पाहून ठेवावी. कोवळा असतानाच तो अंगठ्याने दाबून मुळाशी मोडला तर जखम लहान राहते व पुन्हा तेथून सहसा फुटत नाही. त्यास जाड होऊ देऊन मग कोयत्याने वरवर छाटला तर एकाच्या जागी चार येतात. घरातील व मंडळीतील भांडणांविषयी माझा अनुभव हाच आहे.

हा पाठ शब्बाथ शाळेत घ्यावयाचा असेल तर तो आषाढ-श्रावणात घ्यावा व वर्ग खोलीत न भरविता बोरीजवळ भरवावा. त्यासाठी खुंट मेमध्येच कापून ठेविला पाहिजे. मोठ्या मुलांकडून एकेक डोळा भरून घ्यावा, प्रत्येकाच्या धुमाऱ्यास निराळ्या रंगाचा दोरा बांधावा, म्हणजे कोणाचे लागले ते कळते. ज्यांचे लागणार नाही त्यांची थट्टा होऊ देऊ नये, सरावलेल्या माळ्याचेही सगळे डोळे लागत नाहीत. लहान मुलांच्या हाती चाकू देऊ नये; त्यांस देठ गळाला की नाही हे पाहण्याचे काम द्यावे, ते त्यांस फार आवडते. शास्त्रभाग दोन वेळा वाचावा, एकदा डोळे भरण्यापूर्वी व एकदा तीन आठवड्यांनी देठ पाहण्याच्या दिवशी. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मुले आपणहून प्रश्न विचारतात, असा अनुभव आहे; त्यांतील पहिला प्रश्न बहुधा, “मग पौलानं उलटं का लिहिलं?” हाच असतो. त्याचे उत्तर शिक्षकाने लगेच देऊ नये, मुलांस थोडे बोलू द्यावे.

काड्या दुसऱ्याच्या झाडाच्या आणावयाच्या असल्यास मालकास आदल्या दिवशी विचारून ठेवावे व पहाटे कापून आणाव्या. ओल्या फडक्यात गुंडाळल्या तरी त्या त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वापरून टाकाव्या.